ग्राहकरावांची खुर्ची

विद्यापीठात शिकवणं म्हणजे काय मोठं काम आहे! हे मी कंपनीच्या निरोप समारंभातच जाहीर करून टाकलं होतं.

"मित्रहो, पाण्याचे पंप विकण्यात माझी उभी हयात गेली. जिथे विहिरीला पाणी नव्हतं तिथेही मी पंप विकले!" टाळ्या. "आता मी विद्यापीठात उद्योजकता शिकवणार! एका सत्रात तिथल्या भिंतीसुद्धा धंदा करायला लागतील! आणि या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही!"

शेवटच्या वाक्याला टाळ्या जरा जास्तच पडल्या. माझ्या हाताखालचा बुटका साहेब तर उभा राहून वाजवत होता. केबिनमधलं सामान आणायला गेलो, तर तेवढ्यात त्याने माझ्या खुर्चीची उंची स्वतःच्या मापाने खाली करून घेतली होती. म्हणजे परतीचा दोर मी कापला, आणि त्याने तो गुंडाळून कपाटात ठेवला!

घरी बायकोने एवढंच विचारलं, "अहो, कंपनीत लोक तुमचं ऐकायचे, कारण त्यांना पगार मिळायचा. ही मुलं का ऐकतील?"

"अगं, त्यांना ज्ञान मिळेल!"

"ज्ञान!" बायको दातांची डॉक्टर आहे. "माझ्या खुर्चीत माणसं तोंड उघडून, हात जोडून बसतात, त्यांना उलट बोलताही येत नाही, तरी कोणी ऐकत नाही माझं. आणि तुम्ही ज्ञान द्यायला निघालात!"

मी हसलो. जाणता माणूस हसतो तसं. कारण माझ्याकडे एक युक्ती होती.

आमच्या कंपनीत एक रीत होती. कुठलीही बैठक असो, एक खुर्ची रिकामी ठेवायची. ती ग्राहकाची. तिच्यावर ना साहेबाने बसायचं, ना पाहुण्याने. काही ठरवायचं असलं की आधी त्या खुर्चीकडे वळून विचारायचं, "तुम्हाला चालेल का?" माणूस समोर नसताना त्याची आठवण ठेवणं, यातच सगळा व्यापार आला. मी तर त्या खुर्चीला नावच ठेवलं होतं, ग्राहकराव! पुस्तकातला धंदा पानात राहतो, खुर्चीतला धंदा मनात राहतो, असं मी म्हणायचो. (हे मी स्वतः रचलेलं आहे.)

तेव्हा ठरलं. ग्राहकराव विद्यापीठात येणार!

विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सगळं समजावलं. बाई फार मायाळू. आवाज असा की दुधावर साय धरावी. "सर, नेमणूक सध्या तात्पुरती आहे हं. सत्र संपताना समिती तुमचा तास बघायला येईल. कुलगुरू स्वतः असतात. त्यांना पटलं की तुम्ही कायम. नाही तर…"

त्यांनी 'नाही तर' सुद्धा असं म्हटलं की अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटलं. पण मोरपिसाखाली काय आहे ते मला कळलं. समितीला पटलं नाही तर मी घरी, आणि जुन्या खुर्चीत तो बुटका!

"मॅडम, काळजीच सोडा!" मी म्हणालो.

वर्गात गेलो. मुलं अशी बसली होती की रात्रभर पाऊस खाल्लेल्या गाद्या. मी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली. निळी, प्लास्टिकची, डावा हात मोडलेली, पाठीचा एक स्क्रू गेलेला. ती पहिल्या रांगेपुढे मधोमध ठेवली, रुमालाने पुसली आणि कमरेत वाकून म्हणालो, "या ग्राहकराव, बसा!"

गाद्या ताठ झाल्या!

"हे ग्राहकराव. आजपासून आपल्या वर्गात. आपण जे काही बनवू, विकू, ठरवू, ते आधी यांना विचारायचं. यांचं काय दुखतं, कुठे अडतं, कशाची लाज वाटते, हे ज्याला कळलं तो उद्योजक!"

लांबू नावाचा एक उंच मुलगा (नाव वर्गाने ठेवलेलं, मी नाही) म्हणाला, "सर, पण ते तर काहीच बोलत नाहीत."

"ते बोलत नाहीत, कारण तू ऐकत नाहीस!" मी गरजलो आणि खुर्चीला कान लावला. "हां… हां… अगदी बरोबर! ग्राहकराव म्हणतायत, हा मुलगा मला पंप विकायला आला, पण माझ्याकडे नळ आहे की विहीर, हेसुद्धा त्याने विचारलं नाही!"

वर्ग खो खो हसला. दाराच्या काचेतून मॅडमचा चेहरा दिसला. मी खुर्चीला कान लावलेला, एक हात तिच्या खांद्यावर. मी मॅडमना बघून आनंदाने हात हलवला. त्यांनीही हलवला. पण त्यांचा हात अर्ध्यातच थांबला.

मला वाटलं, भारावल्या!

दुपारी त्यांनी बोलावून घेतलं. दार लावलं, पंखा मंद केला. "सर, बरं वाटतंय ना इथे?"

"उत्तम!"

"ते… तुमच्याबरोबर जे असतात… ग्राहकराव… ते कधीपासून आहेत?"

व्वा! थेट माझ्या पद्धतीबद्दल प्रश्न! "नोकरीला लागलो तेव्हापासून मॅडम. तेव्हापासून क्षणभर सोडलं नाही मला त्यांनी."

"घरीही?"

"घरी, दारी, झोपेतसुद्धा! कधीकधी दचकून उठतो. वाटतं, ग्राहकराव नाराज तर नाहीत?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "आणि ते तुमच्याशी बोलतात?"

"तोच तर मुद्दा आहे! कंपनीत इतकी माणसं, पण कोणालाच ऐकू यायचं नाही. मला एकट्याला ऐकू यायचं! म्हणून तर प्रमुखपदापर्यंत पोचलो!"

"अगं बाई," मॅडम हळूच म्हणाल्या. मग टेबलावरचं पाणी माझ्याकडे सरकवलं. "सर, कामाचा ताण फार होता का हो तिथे?"

"ताणाशिवाय पंप पाणी चढवत नाही मॅडम!" मी म्हणालो आणि पाणी घटाघटा प्यायलो. आता सांगताना माझीच कानशिलं तापतात, पण तेव्हा मी शीळ घालत बाहेर पडलो होतो.

वर्ग मात्र खरोखरच रंगायला लागला. मुलं रोज खुर्चीपुढे उभी राहायची. कोणी तिला जेवणाचे डबे विकायचं, कोणी सायकल भाड्याने द्यायचं. लांबू तर तिच्याशी भांडायचाही. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता, म्हणून वर्ग तिला अबोली म्हणायचा. माणसांपुढे तिचे शब्द घशातच वळकटी करून बसायचे. एकदा मी म्हटलं, "बाळ, आमच्याशी बोलूच नकोस. खुर्चीशी बोल. खुर्ची हसत नाही."

ती आली. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून इतकं हळू बोलली की पंखा बंद करावा लागला.

"आजी… तुम्हाला दारावरची घंटी ऐकू येत नाही ना? म्हणून कोणी येऊन परत गेलं की तुम्हाला कळतच नाही. मी एक दिवा करतेय. घंटी वाजली की घरभर लागणारा. म्हणजे कोणी आलं की उजेड येईल."

खुर्ची तीच मोडक्या हाताची, पण तिच्यावर कोणाची तरी आजी पदर सावरून बसल्याचा मला भास झाला. त्या दिवसापासून कायम होण्याची मला खरी ओढ लागली. आधी फक्त बुटक्याला जिंकू द्यायचं नव्हतं. आता या मुलांना सोडायचं नव्हतं.

आणि नेमके ग्राहकराव हरवले!

सकाळी वर्गात गेलो, तर खुर्ची गायब! मी तसाच धावत खाली फाटकावर गेलो. रखवालदार पेपर वाचत होता.

"आमचे ग्राहकराव बाहेर गेलेले पाहिलेत का?"

"कोण ग्राहकराव? कसे दिसतात?"

घाईत माणूस आपल्या माणसाबद्दल बोलतो तसंच मी बोललो. "निळे आहेत! डावा हात मोडलाय! पाठीतला एक स्क्रूही गेलाय!"

रखवालदाराच्या हातून पेपर गळाला. "निळे पडलेत? अहो साहेब, मग चालत गेलेच कसे?"

"चालत कसे जातील? कोणीतरी उचलूनच नेलं असणार!"

एवढं बोलून मी दुसऱ्या इमारतीकडे पळालो. माझ्यामागे रखवालदाराने शिट्टी फुंकली, फाटक बंद केलं, विद्यापीठाच्या दवाखान्यात फोन केला आणि मॅडमनाही कळवलं: उद्योजकता विभागातून एका म्हाताऱ्या, अपंग, निळ्या पडलेल्या गृहस्थाला कोणीतरी पळवून नेलंय! 'म्हाताऱ्या' हे त्याने पदरचं घातलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी संख्याशास्त्राच्या वर्गात खुर्ची शोधून काढली. तिथे एक जाडजूड प्राध्यापक तिच्यावर उभे राहून पंख्याची जाळी पुसत होते! "उतरा! उतरा त्यांच्यावरून!" मी असा ओरडलो की प्राध्यापक थेट टेबलावर उतरले. मी खुर्ची छातीशी धरली आणि निघालो. वाटेत तिची धूळ झटकत तोंडाने पुटपुटत होतो, "काय हे ग्राहकराव, किती शोधायचं तुम्हाला…" एकटा असलो की मी वस्तूंशी बोलतो. पंपांशीही बोलायचो.

जिन्यापाशी मॅडम, रखवालदार आणि स्ट्रेचर घेतलेले दोघे धापा टाकत समोर आले.

"सापडले!" मी खुर्ची उंच धरून ओरडलो. "सुखरूप आहेत! काही लागलेलं नाही!"

स्ट्रेचरवाले खुर्चीकडे बघत राहिले. रखवालदार माझ्याकडे बघत राहिला. मग मॅडम पुढे आल्या, खुर्चीच्या मोडक्या हातावर अलगद बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "सापडले ना? बरं झालं. आता जपा हं त्यांना." आणि मागे वळून दबक्या आवाजात, "तुम्ही जा परत. काही बोलू नका बाहेर."

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तुमच्या मॅडमचा फोन आला होता माझ्या दवाखान्यात."

"काय म्हणत होत्या?"

"विचारत होत्या, सर घरीही असंच करतात का. माझा पेशंट भूल उतरायच्या आत खुर्चीतून उठत होता, मला कुठे वेळ! मी म्हटलं, लग्न झाल्यापासून असेच आहेत, यावर औषध नाही, तुम्ही आपलं हो ला हो म्हणत जा. गप्प तरी बसतात."

"असं सांगितलंस?"

"मग काय खोटं सांगू?"

मी मनात हसलो. मॅडम माझी चौकशी करतायत! कायम करायच्या आधी माणसाची घरून माहिती काढतातच. आमच्याकडेही काढायचे. बायकोने जरा चेष्टा केली, पण चेष्टा म्हणजे आपलेपणाच की!

त्यानंतर तर विद्यापीठाने मला डोक्यावर घेतलं. उपाहारगृहात गेलो की प्राध्यापक मंडळी लगबगीने सरकायची आणि दोन माणसांची जागा करायची. संख्याशास्त्रवाल्यांनी माझ्यासमोर खुर्चीची माफी मागितली. ग्रंथपाल माझ्याशी बोलताना माझ्या डाव्या बाजूच्या हवेकडे बघूनही मान झुकवायचे. कंपनीत मी प्रमुख होतो, पण एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मी बायकोला रोज सांगायचो, "बघ, माणसाची किंमत कुठे होते ते!"

समितीचा दिवस उजाडला.

वर्ग गच्च भरलेला. मुलांनी आपापले मित्रही आणले होते, खिडकीच्या कट्ट्यावरही चिमण्यांसारखी मुलं. ग्राहकराव मधोमध, मी त्यांना ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केलेलं. कुलगुरू आले. उंच, पिकलेल्या केसांचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले गृहस्थ. मागून समितीचे दोघे, शेवटी मॅडम. कुठेच जागा नाही. कुलगुरूंनी इकडेतिकडे पाहिलं, समोर निळी खुर्ची मोकळी दिसली, हुश्श करत ते बसायला गेले.

मी काही बोलायच्या आत मॅडम झेपावल्या! त्यांनी कुलगुरूंचा चक्क कोपर धरला. "सर, तिथे नको! तिथे… कोणी तरी आहे."

कुलगुरू अर्ध्यात अडकले. ना बसलेले, ना उभे. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. "कुठे?"

मॅडम त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. बराच वेळ कुजबुजल्या. मला फक्त "डॉक्टरच म्हणाल्या" एवढंच ऐकू आलं. कुलगुरूंचे डोळे आधी मोठे झाले, मग मऊ झाले. ते गुडघे सावरत सरळ उभे राहिले, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "माफ करा हं. माझं लक्ष नव्हतं."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. माझी तर छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं! माझी पद्धत कुलगुरूंनी दारातच उचलली!

"सुरू करा," मी म्हणालो.

लांबू पुढे आला, खुर्चीपुढे वाकला. "नमस्कार ग्राहकराव. कालचा तुमचा राग गेला का?" भाडेसायकलवाली मुलगी म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी सीट खाली केली, आता टेकतात ना पाय?" एकामागून एक मुलं येत होती, खुर्चीशी बोलत होती, ऐकत होती, मान डोलवत होती. समितीतल्या एका बाईंनी रुमाल काढला.

मग अबोली आली. हातात तिचा दिवा. या वेळी पंखा बंद करावा लागला नाही.

"आजी, झाला बघा दिवा. मी आमच्या शेजारच्या आजींकडे लावून पाहिला. त्यांना वाटायचं, आपल्याकडे कोणी येतच नाही. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्या धावत दाराशी आल्या. दारात मीच होते. पण त्या म्हणाल्या, तूच तर कोणीतरी आहेस की गं."

कुलगुरूंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. मग माझ्याजवळ येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. ते घट्ट दाबले आणि जाताना खुर्चीला नमस्कार केला.

जिंकलो! मी जिंकलो होतो!

थोड्या वेळाने मॅडमनी बोलावलं. मी ऐटीत गेलो. खुर्ची वर्गात ठेवून जावी तर संख्याशास्त्रवाल्यांचा भरवसा नाही, म्हणून बरोबर नेली.

मॅडमचे डोळे लाल होते. "सर, अभिनंदन. तुम्ही कायम झालात."

"मला माहीतच होतं! माझी पद्धत…"

"पद्धतीचं समितीला काही कळलं नाही, सर," मॅडम मायेने म्हणाल्या. "पण कुलगुरू म्हणाले, एका आजारी माणसाला चारचौघांत लाज वाटू नये, म्हणून ज्या वर्गातली मुलं सगळीच्या सगळी रिकाम्या खुर्चीशी बोलतात, त्या वर्गात माणुसकी शिकवली जाते. म्हणाले, अशा माणसाला आपण घरी पाठवायचं? बरा होवो, न होवो, इथेच राहू दे."



आजारी माणूस! एका क्षणात सगळं डोळ्यांपुढून गेलं. पाण्याचा पेला, स्ट्रेचर, दोघांची जागा, हवेला झुकलेली ग्रंथपालांची मान. ज्याला मी माझा मान समजत होतो, ती सगळी दया होती!

अंगात आग पेटली. मी? मी आजारी? पंपांच्या धंद्यातला वाघ! मी खुर्चीची पाठ घट्ट पकडली. आता सांगतोच, की मॅडम, ही खुर्ची आहे! साधी, प्लास्टिकची, रिकामी खुर्ची! ही व्यापारातली एक रीत आहे!

"मॅडम," मी म्हणालो, "मला एक स्पष्ट सांगायचंय."

"सांगा ना. सावकाश सांगा."

दाराबाहेर मुलं जमली होती. लांबू दाराच्या काचेला नाक लावून उभा. त्याच्यामागे अबोली, आणि ती चक्क मोठ्याने कोणाला तरी सांगत होती, "सर जाणार नाहीत! तुम्हाला सांगते ना, नाही जाणार!"

धंद्यात एक गोष्ट मी नवशिक्यांना कायम सांगत आलो. गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की तोंड मिटायचं. त्याने का घेतलं, कशासाठी घेतलं, हे विचारायचं नाही. पंप तो विहिरीवर लावो की दिवाणखान्यात ठेवून त्यावर फुलदाणी मांडो! सौदा झाल्यावर जो बोलला, तो सौद्यातून गेला.

"काय सांगायचंय, सर?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"हेच की… आभारी आहे."

"अहो, आभार कसले!" मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी शिपायाला हाक मारली, चहा सांगितला, आणि मग जरा घुटमळून, अतिशय आदराने निळ्या खुर्चीकडे हात केला. "यांना कसा लागतो?"

मी काचेबाहेर पाहिलं. मुलं वाट बघत होती.

"बिनसाखरेचा," मी म्हणालो.

चहा आला. माझा मी संपवला. मॅडम दुसऱ्या कपाकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांत नुसती माया. "गार होतोय हो त्यांचा," त्या म्हणाल्या.

बिनसाखरेचा चहा मला अजिबात आवडत नाही. पण काय करणार? तोही मीच प्यायलो. आणि ग्राहकरावांच्या वतीने, "छान झालाय," असंही म्हणालो.